मधला दिवस

आपल्याकडील जुन्या घरांतून हल्ली एक नवी रीत पडली आहे. मुलगा पुण्यास किंवा परदेशी नोकरीस असतो. वर्षा-दोन वर्षांतून त्याला आठवण होते की, आपले आईवडील म्हातारे झाले. मग तो त्यांना 'फिरवून आणतो'. सहा दिवसांत नऊ गावे. पहाटे पाचला उठून गाडीत बसावयाचे, देवळापुढे, धबधब्यापुढे, कुठल्याशा राजवाड्यापुढे उभे राहून छायाचित्र काढून घ्यावयाचे, आणि पुन्हा गाडीत बसावयाचे. सहल संपते तेव्हा वडिलांचे गुडघे सुजलेले असतात, आईचे पोट बिघडलेले असते, आणि मुलाच्या मनात मात्र कर्तव्य पार पडल्याचे समाधान असते. जुन्या काळी आईबापांना काशीस नेत, त्याला महिनेच्या महिने लागत. त्या यात्रेचे पुण्य विश्वनाथाच्या दर्शनात किती होते आणि वाटेतल्या सहवासात किती होते, हे मोजून पाहण्याची गरज तेव्हा कोणास पडली नव्हती. आज वाट तेवढी गाळली गेली आहे आणि दर्शने शिल्लक उरली आहेत.

या रीतीविरुद्ध मला चार शब्द लिहावयाचे आहेत. लिहिण्याचा अधिकार म्हणाल तर एका दिवसाचा. २०२५ च्या जानेवारीत मी माझ्या वडिलांबरोबर मुंबईहून एका प्रवासी जहाजावर गेलो होतो. सहल दोन रात्रींची. जहाज मुंबईहून निघते आणि मुंबईसच परत येते, मध्ये कोणतेही बंदर घेत नाही. सहलीच्या छापील पत्रकात पहिल्या दिवसापुढे 'प्रस्थान' असे लिहिले होते, तिसऱ्यापुढे 'आगमन'. मधल्या दिवसापुढे एकच शब्द होता, 'समुद्रावर'. तो शब्द वाचून मला वाटले होते की, हा दिवस फुकट गेला. आज माझे मत अगदी उलट झाले आहे. आईबापांना काही द्यावयाचेच असेल तर हा मधला दिवस द्यावा, बाकीचे दोन नसले तरी चालतील.

आमच्या घरची हकीकत थोडी सांगितली पाहिजे. आमचे मूळ घर निपाणी तालुक्यातील बोरगावचे. तंबाखूचा आणि उसाचा मुलूख. गावात मराठी आणि कानडी दोन्ही भाषा एकाच ओसरीवर नांदतात. आजोबा एका संस्थानी दरबारात सनई वाजवीत. १९४८-४९ साली आमच्या भागातली संस्थाने विलीन झाली, पण वाडे राहिले, वाड्यांवरचे सण राहिले आणि नगारखानाही राहिला. वडील, म्हणजे आमचे आप्पा, पंधराव्या वर्षी आजोबांच्या शेजारी चौघड्यावर बसले. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यांची नवी वाटणी झाली, तेव्हा आमचे घर म्हैसूर राज्यात गेले आणि आप्पांची चाकरी मुंबई राज्यात राहिली. ते दोहोंमध्ये सायकलवरून जात-येत राहिले. १९७१ च्या अखेरीस संस्थानिकांचे तनखे बंद झाले, आणि पुढल्या वर्षी वाड्यावरची सनईही थांबली. मग लग्नाच्या सुपाऱ्या, गावच्या देवळातली सेवा, असे करीत त्यांनी आम्हां दोघां भावंडांना वाढविले. आज त्यांचे वय शहाऐंशी आहे. आई गेल्यापासून ते बोरगावच्या घरी एकटेच असतात. मी कोल्हापुरात संगीत शिकवितो. दर रविवारी बोरगावास जातो, औषधे देतो, विजेचे बिल पाहतो, तासभर बसतो आणि परततो. आपण चांगले पुत्र आहोत, अशी माझी समजूत होती.

जहाजाचे तिकीट माझ्या भाच्याने काढले होते. आजोबांना समुद्र दाखवावयाची त्याची हौस. ऐन वेळी त्याची रजा नामंजूर झाली, आणि मी बदली गडी म्हणून गेलो. आप्पाही फारसे राजी नव्हते. त्यांच्या लहानपणी ऐकलेल्या गोष्टींत समुद्रापल्याड गेलेला राजा परत आलेला नव्हता. ती गोष्ट खरीच आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली विलायतेहून परतताना इटलीत फ्लॉरेन्स येथे अवघ्या विसाव्या वर्षी वारले. आर्नो नदीच्या काठी त्यांचे दहन झाले आणि तेथे त्यांची छत्री आजही उभी आहे. पुढे १९०२ साली शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी जाऊन सुखरूप परत आले, तरी आमच्या आजीच्या पिढीच्या मनातली पहिली गोष्ट गेली नाही. मी आप्पांना म्हटले, "आपण पल्याड कुठे जातोय? गावच्या वेशीबाहेर चक्कर मारून परत यायचं." तेव्हा कुठे ते उठले.

आम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघालो, सकाळी मुंबईस उतरलो आणि दुपारी बॅलार्ड पिअरवर पोहोचलो. जहाजाची उंची पाहून आप्पा थबकले. म्हणाले, "काय रं, हे आख्खं तरंगतंय?" सायंकाळी जहाज सुटले. कुलाब्याच्या टोकाचा प्राँग्जचा दीपस्तंभ मागे पडला, दूर खांदेरीचा दिवा लागला. पुढे त्याच वर्षीच्या जुलैत आपल्या पन्हाळ्याबरोबर या खांदेरीलाही जागतिक वारशाचा मान मिळाला, तेव्हा तो दिवा मला पुन्हा आठवला. हळूहळू किनाऱ्याचे दिवे एकेक करून विझले आणि थोड्या वेळाने माझ्या हातातला फोन मुका झाला. जहाजावर पैसे भरून त्याला वाचा आणता येत होती. मी पैसे भरले नाहीत. यात कसलेही तत्त्व नव्हते, दर पाहून मी मागे सरलो, एवढेच.

दुसरा दिवस उजाडला तो या मधल्या दिवसाचा.

पहाटे साडेपाचला जाग आली तर आप्पा बिछान्यावर नव्हते. घाबरून वर गेलो. ते मोकळ्या सज्जात कठड्याला धरून, मफलर गुंडाळून उभे होते आणि अगदी बारीक आवाजात भैरवाचा ऋषभ घोळवीत होते. त्यांना सनई फुंकता येत नाही, त्याला आता दहा वर्षे झाली. दात गेले, दम गेला. गाताना मी त्यांना कधी फारसे ऐकले नव्हते. पूर्वेकडे किनारा नव्हता, डोंगर नव्हता. पाण्यापासून पंचवीस मीटर उंचीवर उभे राहिले तर क्षितिज सुमारे अठरा किलोमीटरवर असते. त्या साऱ्या वर्तुळात आम्हां दोघांखेरीज पाहण्यासारखे काही नव्हते. आप्पांनी मला जवळ बोलावले आणि विचारले, "हे खालनं घुमतंय न्हवं, ह्याचा सा कुठला?"

जहाजाच्या इंजिनाची घरघर रात्रभर पायांखालून येत होती. मी ती विसरण्याचा प्रयत्न करीत होतो, आणि आप्पा तिच्याशी सूर जुळवीत होते. माझ्या मुक्या फोनमध्ये तंबोऱ्याचे यंत्र होते. ते लावून पाहिले, तर तो नाद काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधोमध कुठेतरी पडत होता. पेटीवर न सापडणारा तो सूर आप्पांनी बिनतक्रार पत्करला आणि त्यावरच भैरव पुढे चालविला.

सनईच्या ताफ्यात मुख्य वादकाच्या शेजारी एक सुरवाला बसतो, हे आपल्यापैकी जुन्या मंडळींना ठाऊक असेलच. त्याने राग वाजवावयाचा नसतो. एकच स्वर, नाकाने श्वास घेत आणि गालातली हवा सोडीत, न तोडता धरून ठेवावयाचा. तासन् तास. ऐकणाऱ्यांचे त्याच्याकडे लक्ष नसते. तो थांबला तर मात्र मुख्य वादकाच्या पायाखालची जमीन जाते. आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत मी आप्पांचा सुरवाला होतो. लग्नाच्या मांडवात बसून मी सूर धरीत असे आणि मनातून कंटाळलेला असे. काही घडत नाही, कोठे जावयाचे नाही, एकच स्वर! पंधराव्या वर्षी मी सनई खाली ठेवली आणि पेटीकडे वळलो. त्या दिवशी आप्पा काही बोलले नाहीत. त्यांच्या त्या न बोलण्याचे ओझे मी तीस वर्षे वागविले. बापाची विद्या मुलाने टाकली, हा आमच्या घराण्यात लहान गुन्हा नव्हे.

न्याहारीनंतर जहाजावरचे कार्यक्रम सुरू झाले. दर तासाला काहीतरी होतेच: नाच शिकविणे, खेळ, सोडती, जादू, पुन्हा नाच. ध्वनिक्षेपकावरून सारखी आमंत्रणे येत होती. तरीही आमच्या शेजारी बसलेली एक मंडळी आपसांत कुरकुरत होती की, आज बघण्यासारखे काहीच नाही. आप्पांनी कार्यक्रमांचा कागद घडी घालून खिशात ठेवला आणि आम्ही सावलीतल्या दोन खुर्च्यांवर जाऊन बसलो. पहिला तास मला फार जड गेला. माझा हात चारदा फोनकडे गेला. रविवारच्या भेटीत विचारावयाचे सर्व प्रश्न, म्हणजे गोळ्या घेतल्या का, झोप लागते का, गडी शेतावर येतो का, पहिल्या दहा मिनिटांत संपले. त्यापुढे वडिलांशी काय बोलावे, हे मला माहीत नव्हते. शेहेचाळिसाव्या वर्षी हा शोध लागणे काही सुखाचे नाही.

मग आप्पा पाण्याकडे पाहत आपणहून आईविषयी बोलू लागले. आई देवगडची. देवगड-निपाणी रस्त्याने फोंडा घाट चढून ती बोरगावात सून म्हणून आली. तिचे वडील मुंबईस गिरणीत होते, आणि लहानपणी ती त्यांच्याबरोबर आगबोटीने जात-येत असे. त्या बोटी आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरात आठवणीने असतील. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटलेली बोट रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत दुसऱ्या दिवशी पणजीस लागे. बहुतेक बंदरांत बोट धक्क्यापर्यंत येत नसे, पडावातून तिच्यापर्यंत जावे लागे. पावसाळ्यात सेवा बंद. भयही होतेच. १९४७ च्या १७ जुलै रोजी 'रामदास' बोट रेवसच्या वाटेवर बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. ती आठवण कोकणात अजून ताजी आहे. परंतु त्याच बोटींवर हजारो मुलांनी आपल्या बापाच्या मांडीवर डोके ठेवून एक दिवस आणि एक रात्र काढली. आई म्हणे, "माझे बाबा वर्षात मला फक्त बोटीवर मिळायचे. मुंबईत गिरणी, गावात शेती. बोटीवर त्यांना कुठे जाताच यायचं नाही." हे वाक्य आप्पांनी मला त्या दिवशी सांगितले. माझ्या आईचे वाक्य, आणि मी ते तिच्या तोंडून कधी ऐकले नव्हते.

दुपारी जेवणघरात गेलो. कोपऱ्यात एक तरुण व्हायोलिन वाजवीत होता. चारशे माणसे जेवत होती, बोलत होती, मुले रडत होती. आप्पांनी ताट वाढून घेतले, बसले आणि हात मांडीवर ठेवून ऐकत राहिले. भात निवत चालला. मी म्हटले, "आप्पा, जेवा ना." ते म्हणाले, "वाजीवणारा वाजवीत असला तर मला जेवता येत न्हाई." ती चीज संपेपर्यंत त्यांनी घास उचलला नाही. संपल्यावर उठून त्या मुलापर्यंत गेले आणि मराठीत म्हणाले, "मध्यम चांगला लागतोय तुझा." त्याला शब्द कळले की नाही कोण जाणे, पण त्याने गज खाली करून आप्पांना वाकून नमस्कार केला.

चारच्या सुमारास, बराच वेळ काहीही न बोलता बसून झाल्यावर, आप्पा एकदम म्हणाले:

"पंगतीला वाजवायचं म्हंजे काय, ते तुला ठावं न्हाई. लोक जेवत असत्यात, आपण फुंकत असतो. सम आली तरी एक मान हालत न्हाई. आन् सगळ्यांचं झाल्यावर मागल्या दारी आपलं पान. तू सनई ठेवलीस त्या दिवशी मी आतनं सुटलो. पर तुला बोललो न्हाई. बोललो असतो तर बापानंच पोराला विद्या टाकायला लावली, असं झालं असतं."

थोड्या वेळाने त्यांनी आणखी एक वाक्य जोडले. "पर सूर तू चांगला धरायचास."

मी काही उत्तर दिले नाही. तीस वर्षे मी एक गोष्ट मनाशी धरून होतो, ती चुकीची निघाली. तीस वर्षांत सुमारे दीड हजार रविवार होतात. त्यांपैकी निम्म्यांना जरी मी बोरगावास गेलो असेन, तरी सात-आठशे तासांत हे बोलणे निघाले नाही. कारण ते तासाच्या मापाचे बोलणेच नव्हते. त्याला आधी सकाळ लागली, आईची आठवण लागली, तो व्हायोलिन वाजविणारा मुलगा लागला, आणि त्यानंतरचे दोन तास गप्प बसणे लागले. मध्ये दारावरची घंटा वाजली असती, शेजारचे कोणी डोकावले असते, मी घड्याळ पाहून चपला घातल्या असत्या, तर ते बोलणे पुन्हा आत गेले असते आणि कदाचित आप्पांच्या बरोबरच गेले असते.

सूर्यास्ताला आम्ही पुन्हा सज्जात होतो. आप्पांनी मारवा गुणगुणला. मारव्यात पंचम नाही, आणि षड्जावरही मन भरून विसावू देत नाहीत. ऋषभ आणि धैवत यांच्यात माणूस लोंबकळत राहतो. मी हा राग विद्यार्थ्यांना शिकविला आहे, पण शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे, म्हणजे सकाळी अकरा वाजता. भूपही अकरालाच आणि तोडीही अकरालाच. पहाटे भैरव, दुपारी सारंग, दिवस कलताना मुलतानी, सूर्य बुडताना मारवा आणि रात्री यमन, असा एका दिवसाचा सबंध फेरा मी त्या दिवशी जन्मात प्रथम ऐकला; आणि ऐकविणारा घरचाच होता.

आता या लेखास आक्षेप येतील, ते मला दिसतात. पहिला असा की, हे श्रीमंतांचे चोचले आहेत. यात तथ्य आहे. ते तिकीट भाच्याने काढले म्हणून मी गेलो, माझ्या पगारात ते बसले नसते. शिवाय असल्या मोठ्या जहाजाच्या पोटात किती तेल जळते, हाही विचार करण्यासारखा आहे. म्हणूनच मला वाटते की, कोकणकिनाऱ्यावरची साधी प्रवासी बोट गेली, हे आपले लहान नुकसान नव्हे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती सेवा थांबली. रस्ते सुधारले, १९९८ साली कोकण रेल्वे सगळी सुरू झाली, आणि मग बोटीची आठवण फारशी कोणी काढली नाही. २०१८ च्या ऑक्टोबरात मुंबई ते गोवा 'आंग्रिया' हे जहाज मोठ्या थाटाने सुरू झाले. २०२० च्या साथीत ते थांबले. २०२१ पासून मुंबईहून 'कॉर्डेलिया'च्या सहली निघू लागल्या, पण त्या सहलीच आहेत, वाहतूक नव्हे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास गाड्यांसकट नेणारी बोट २०२० पासून आहे, ती तासाभरात पोहोचविते. जलद पोहोचविणे चांगलेच. परंतु गिरणीतल्या मजुरालाही परवडेल अशी, घोंगडी अंथरून एक दिवस-रात्र काढता येईल अशी बोट पुन्हा सुरू करणे अगदीच अशक्य आहे काय? सरकारी कागदांत किनाऱ्यावरच्या जलवाहतुकीचा विचार होतो, तेव्हा माल मोजतात, मिनिटे मोजतात. माझ्या आईला तिचे वडील जेथे मिळत, त्या जागेची नोंद त्या कागदांत कोणत्या रकान्यात करावयाची, हे मला सांगता येणार नाही; पण ती जागा होती.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. कोणी म्हणेल, "बापाजवळ दिवसभर बसावयाला समुद्र कशाला पाहिजे? घरी बसा की!" अगदी खरे. पण आपण बसतो का? मी बसलो नव्हतो. घरात असताना उठून जाता येते, म्हणून आपण उठून जातो. जहाजावर माझा नाइलाज झाला, एवढेच जहाजाचे श्रेय. नाइलाजाने का होईना, मी पुन्हा एकदा सुरवाला झालो. कोठे जावयाचे नाही, काही वाजवावयाचे नाही, फक्त तोडावयाचे नाही. राग आप्पांचा होता, तो पुढे जावा म्हणून कोणीतरी शेजारी स्वर धरून बसावयास हवे होते. म्हाताऱ्या माणसांजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते. आपण मात्र त्यांना नवनवी स्थळे दाखवीत सुटतो आणि त्यांनाच श्रोते करून टाकतो. माझे म्हणणे इतकेच की, उतारवयात त्यांना वाजवू द्यावे आणि सूर आपण धरावा.

ज्यांना समुद्रावर नेणे शक्य आहे, त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. दिवस थंडीचे निवडावे, तेव्हा या बाजूचा समुद्र शांत असतो. खोली जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्यावी. तेथे डोलणे कमी लागते. ती उद्वाहनापासून जवळ असावी. औषधे हातातल्या पिशवीत असू द्यावीत, मोठे सामान खोलीवर उशिरा पोहोचते. जेवणात कांदा-लसूण वर्ज्य असेल तर तिकीट काढतानाच सांगावे, सोय होते. आणि कार्यक्रमांचा कागद हाती आला की आप्पांनी केले तसे करावे, घडी घालून खिशात ठेवावा. जहाज चालविणाऱ्यांनाही एक विनंती आहे. इतक्या मजल्यांपैकी एका मजल्याचा एखादा कोपरा ध्वनिक्षेपकावाचून राहू द्यावा. तेथे बसणारी माणसे निघतील.

ज्यांना शक्य नाही, त्यांनी घरीच करावे. परत आल्यापासून मी महिन्यातला एक रविवार सबंध बोरगावास काढतो. सकाळी पोहोचलो की फोन बंद करून तांदळाच्या डब्यावर ठेवतो. पहिल्या खेपेस दहा वाजताच हात तिकडे गेला; समुद्रावर फोन आपोआप मुका झाला होता, येथे आपणच त्याचे तोंड धरावे लागते. दुपारी ऊन उतरल्यावर आम्ही शेताच्या बांधापर्यंत जातो. काही रविवारी आप्पा पुष्कळ बोलतात. काही रविवारी दिवसभरात दहा वाक्ये होत नाहीत, आणि संध्याकाळी परतताना मला वाटते की, आज काहीच मिळाले नाही. मग आठवते की, सुराच्या बाबतीतही मी लहानपणी हेच म्हणत असे.

गेल्या खेपेस निघताना आप्पांनी विचारले, "ते जहाज परत कधी जातंय रं?" मी म्हटले, "थंडीत." ते म्हणाले, "तवर हितंच बसू."